माझ्या रक्ताचा पिवळा रंग

सोमवार, ४ मार्च

ही डायरी नवऱ्याच्या कंपनीने फुकट दिलेली आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी एक लिफ्ट छापलीय आणि तिच्यात किती माणसं मावतात तेही. जानेवारीपासून ती फ्रीजवर पडून होती आणि सासूबाई तिच्यावर गरम पातेली टेकवत होत्या. आज मी ती पुसून घेतली, कारण लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय. आमच्या लॅबची तपासणी ठरली. बावीस तारखेला बाहेरची माणसं येऊन आमची नवी चाचणी बघणार आणि त्यांना पटली तर ती दवाखान्यांत वापरायची परवानगी मिळणार. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, हे सांगितलं तेव्हा बडबड्याने टाळ्या वाजवल्या आणि काखेतलं खोकं पाडलं. बडबड्या हा माझा जोडीदार. तो माणसांशी तर बोलतोच, यंत्रांशीही बोलतो.

चाचणी क्षयाची आहे. माणूस आजारी आहे का, हे ती सांगत नाही. या शरीराने क्षयाचा जंतू पूर्वी कधी पाहिलाय का, एवढंच सांगते. जंतू आत शिरला की शरीर त्याच्याशी झटापट करतं, बहुतेक वेळा त्याला एका कोपऱ्यात कोंडतं, आणि काही पेशी त्याचा चेहरा लक्षात ठेवून वर्षानुवर्षं पहाऱ्यावर राहतात. त्या स्मृतिपेशी. आम्ही नळीतल्या रक्तात जंतूची नुसती प्रथिनं घालतो, म्हणजे चोराचा फोटो दाखवल्यासारखं, आणि रात्रभर उबेत ठेवतो. पेशींनी ओळखलं तर त्या आरडाओरडा करतात. तो दुसऱ्या दिवशी ताटलीतल्या खळगीत पिवळ्या रंगाने दिसतो. जेवढा आरडाओरडा, तेवढा पिवळा.

आता थोडी बढाई मारते. चाचणी नीट चालतेय का हे तपासायला दर आठवड्याला खात्रीचं पिवळं रक्त लागतं आणि ते माझं असतं. आमच्यासारख्या लहान लॅबमध्ये असंच चालतं, घरचीच माणसं कामाला लागतात. यंत्र बिघडलं, रसायनं जुनी झाली, की माझी खळगी फिकी पडून चुगली करते. म्हणून मला तिथे पट्टी म्हणतात. मोजायची पट्टी.

हा पिवळा रंग मला बाबांकडून मिळाला. मी सहा वर्षांची असताना त्यांना क्षय झाला होता. आमची एकच खोली होती आणि मी त्यांच्या कुशीत झोपायचे. औषधं घेऊन ते खडखडीत बरे झाले. मला काहीच झालं नाही, जंतूची ओळख तेवढी राहिली. पण बाबा तेव्हापासून आजतागायत तोंडावर रुमाल धरून बोलतात, आणि त्यांनी एकही मूल कधी उचलून घेतलेलं नाही, ताईच्या दोन पोरांनासुद्धा नाही. तुमच्यापासून आता कुणाला काही होणार नाही, हे आम्ही सांगून थकलो. ऐकतील तर शपथ. त्यांना वाटतं माझ्या छातीत त्यांनी काहीतरी पेरून ठेवलंय. म्हणून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न एकच, "पिवळा?" मी म्हणते, "पिवळाधमक." मग ते घड्याळं, गुडघे आणि शेजारी यांच्याबद्दल बोलायला मोकळे होतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांच्या गप्पाही वेळेवर संपतात.

गेले दोन आठवडे पिवळा जरा उतरलेला होता. पण धमक म्हणण्याइतका होता.

बुधवार, ६ मार्च

आज पट्टीने दगा दिला. माझी खळगी जवळजवळ पाण्यासारखी.

मी बडबड्यावर घसरले. काल संध्याकाळी ऊबपेटी बंद करताना तो तिला दिवसभराची हकीकत सांगत होता, दार नक्की उघडं राहिलं असणार. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, नाही. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप लावलं तर या लॅबचं निम्मं काम होईल. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्याला माझा डबा देऊन टाकला. यात माझं औदार्य काही नाही. झाकण उघडल्याबरोबर उकडलेल्या अंड्याच्या वासाने मला ढवळून आलं होतं. महिनाभर या पित्ताने जीव खाल्लाय. स्पिरिटचा वास नको, कॉफीचा नको, नवऱ्याच्या ग्रीसचा तर नकोच. एकच वास आवडतो, हातमोज्यांच्या नव्या खोक्याचा. आज कोणी बघत नाही असं पाहून मी त्यात दोनदा नाक घातलं.

शनिवार, ९ मार्च

सगळं बदललं. नवी रसायनं, नवी ताटली, दुसरी ऊबपेटी. मॅडमनी स्वतः रक्त काढलं आणि स्वतः नळ्या भरल्या. तरी फिकी. तपासणी तोंडावर आलेली आणि आमची पट्टी पांढरी.

दर वेळी आम्ही आणखी एक नळी लावतो. तिच्यातलं औषध कुठल्याही जिवंत पेशीला हलवून जागं करतं. ती नळी व्यवस्थित पिवळी झाली. म्हणजे माझ्या पेशी मेलेल्या नाहीत. त्या जिवंत आहेत आणि ओळख दाखवत नाहीत, रस्त्यात समोरून येऊन दुकानाच्या पाटीकडे बघत निघून जाणाऱ्या चुलत्यासारख्या. मॅडमनी पेन कानामागे खोचलं. त्या तसं करतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

घरी आले तर कॉफीचा डबा गायब. सासूबाई म्हणाल्या, संपली. काल तर अर्धा डबा होता. मी शोधलं नाही, मलाही ती नकोच होती, पण खोटं का बोलायचं? सासूबाईंनी सारी नोकरी तिकिटाच्या खिडकीत काढली. माणूस रांगेत असतानाच त्याला कुठे जायचंय ते चेहऱ्यावरून कळायचं, असं त्या सांगतात. अशा बाईला साधं खोटं बोलता येऊ नये याचं मला नवल वाटतं.

रविवार, १० मार्च

बाबांचा फोन. "पिवळा?"

मी म्हटलं, पिवळा.

"धमक कुठे गेलं?" त्यांचा कान घड्याळजीचा. मी सटपटले आणि म्हटलं, सर्दी झालीय, बोलवत नाही. बाबांना सांगायची जगातली सगळ्यांत वाईट गोष्ट मी नेमकी शोधून काढली. खोकला आहे का, किती दिवस, रात्री घाम येतो का, वजन घटलंय का. शेवटी मी फोनवर त्यांना मोठ्याने गाणं म्हणून दाखवलं, छाती साफ आहे याचा पुरावा म्हणून. दोन ओळी त्यांनी ऐकून घेतल्या आणि म्हणाले, सूर नाही, पण श्वास आहे.

फोन ठेवल्यावर मी रडले. सध्या मला कशानेही रडू येतं. काल या डायरीतली लिफ्ट बघून आलं. एकटीच वर-खाली करते, असं मनात आलं आणि झालं.

मंगळवार, १२ मार्च

मॅडमना काल सुचलं की दुसरं कुणाचं तरी रक्त घेऊन बघू. आमच्या वॉचमनकाकांच्या धाकट्या भावाला क्षय होता आणि दोघं एका खोलीत राहायचे. काका लगेच तयार झाले. गेटावर छाती काढून उभा राहणारा हा माणूस सुई बघितल्यावर भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणायला लागला. सात साते एकोणपन्नासला रक्त काढून झालं, तरी ते सत्तरपर्यंत गेले.

आज त्यांची खळगी अशी पिवळीजर्द झाली की बडबड्याने ताटली हातात घेऊन नाच केला. यंत्र ठीक, रसायनं ठीक, तपासणी वाचली. मीही हसले, काकांसाठी टाळ्या वाजवल्या, बडबड्याची माफी मागितली. मग एकेकाचं हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळं ठीक असेल, तर बिघडलंय ते माझ्यातच.

दुपारी सामानाच्या खोलीत बसल्या बसल्या डोळा लागला. बडबड्या शोधत आला तेव्हा मी हातमोज्यांच्या खोक्यावर गाल टेकून झोपले होते. त्याने मला उठवलं नाही, आणि बाहेर कुणाशी बोललाही नाही. त्याच्या हिशेबात ही फार मोठी गोष्ट आहे.

गुरुवार, १४ मार्च

मॅडमनी खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाल्या, अशी आठवण गप्प होण्याची कारणं असतात. काही औषधं असतात, काही दुसरे आजार असतात, कधी अंगातली ताकदच खालावलेली असते. आठवण म्हणजे काही विमा नव्हे, पिवळा आला म्हणून माणूस सुरक्षित आणि गेला म्हणून संपला असं नसतं, पण डॉक्टरांना दाखवून घे. आणि म्हणाल्या, घरी जाऊन वाचत बसू नकोस. म्हणून मी घरी येऊन तेच केलं.

आता खरं लिहिते, ही डायरी दुसरं कोणी वाचणार नाही. मला भीती वाटतेय. पहारेकरी झोपले तर कोपऱ्यात कोंडलेला तो बाहेर येऊ शकतो. दुसराच काही मोठा आजार आत बसला असेल आणि त्याने पहारेकऱ्यांना झोपवलं असेल, असंही असू शकतं. थकवा तर आहेच. मळमळ आहे. अन्नावर वासना नाही. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी दटावून डॉक्टरकडे पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मी पित्ताच्या गोळीवर भागवतेय.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो या आठवड्यात बारा मजली इमारतीच्या लिफ्टच्या माथ्यावर चढून काम करतो. त्या उंचीवर त्याच्या डोक्यात माझं रक्त नको.

सासूबाईंना मात्र कुठून तरी कळलंय, बडबड्यानेच सांगितलं असणार. आज मी पाण्याची बादली उचलली तर त्यांनी धावत येऊन हिसकावली. मी म्हटलं, मी काय म्हातारी झाले? म्हणाल्या, मीही अजून झाले नाही. मग लिंबूपाणी आणून दिलं आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. शेवटच्या आजारपणात माणसाचे लाड करतात तसं वाटलं. मला त्यांचा राग आला आणि लिंबूपाणी आणखी मागावंसंही वाटलं.

रविवार, १७ मार्च

बाबांना म्हटलं, पिवळाधमक. जन्मात पहिल्यांदा हा शब्द खोटा बोलले. ते खूश होऊन शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत राहिले आणि मी हं हं करत राहिले.

घरात काहीतरी शिजतंय. सासूबाईंनी नवऱ्याच्या मागे लागून जिन्यातला दिवा बदलून घेतला आणि न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबर टाकायला लावलं. त्याने लिफ्टच्या फरशीचं उरलेलं रबर आणून बसवलं, त्यावर "दरवाजापासून दूर उभे राहा" असं छापलंय. मी म्हटलं, सासूबाई, गुडघे फार दुखतात का? म्हणाल्या, हो ना. आणि तुरुतुरु चालत गच्चीवर गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मला वाटतं त्या मला अंथरुणाला खिळलेली समजून आतापासून तयारी करताहेत. ताईशीही फोनवर कुजबुजत होत्या, मी आल्यावर एकदम हवापाण्यावर आल्या.

लॅबचा कोट धुण्यात आटलाय, मधलं बटण लागत नाही. पाळीचाही पत्ता नाही. ताईची बेचाळिसाव्या वर्षी गेली, मी एक्केचाळीसची आहे, म्हणजे आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे वेळेआधीच निघालेय. मुलाबाळांचा विषय आम्ही केव्हाच माळ्यावर टाकला. लग्नाला चौदा वर्षं झाली. दवाखाने झाले, आशा झाल्या, एकदा तर दोन महिने टिकलेली आशाही झाली. आता त्या वाटेला कोणी जात नाही. नवरा म्हणतो, आपण दोघं आणि आई, लिफ्टमध्ये जागा कमी होती म्हणून बरं. तो हे म्हणतो तेव्हा मी हसते. त्याला हसू येत नाही हे मला माहीत आहे.

परवा डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मंगळवार, १९ मार्च

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. औषधं काही नाहीत, खोकला नाही, ताप नाही. वजन केलं तर वाढलेलं निघालं. ते म्हणाले, क्षयात घटतं हो, तुमचं उलटंच दिसतंय. पाळीचं विचारलं, मी म्हटलं बंद व्हायला आली, आमच्यात लवकरच जाते. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि छातीचा एक्स-रे काढून या म्हणाले.

एक्स-रेचा माणूस कडक इस्त्रीचा. प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारल्याशिवाय तो बटण दाबत नाही. गर्भवती आहात का, शेवटची पाळी कधी आली? माझ्या पुढे काठी टेकत आलेल्या आजी होत्या, त्यांनाही विचारलं. आजी म्हणाल्या, "बाळा, तू जन्मायच्या आधी." तो हसला नाही. नियम म्हणजे नियम.

मला विचारलं. मी म्हटलं, तो प्रश्नच नाही. म्हणाला, तारीख सांगा. मी आठवायला लागले. बडबड्याचा वाढदिवस होता तेव्हा? नाही, तो डिसेंबरमध्ये. मग लॅबला रंग दिला तेव्हा? जानेवारी उजाडून थोडे दिवस झाले होते बहुतेक. मी म्हटलं, नक्की नाही सांगता येणार. तो म्हणाला, मग आधी लघवी तपासून या, त्याशिवाय मी यंत्र लावणार नाही. मी चिडले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईची चेष्टा करता का, माझी काय परिस्थिती आहे तुम्हाला माहीत आहे का, असं बरंच बोलले. तो शांतपणे म्हणाला, मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, म्हणूनच तपासायचं.

तपासलं. दोन रेघा.

मी तिथल्या बाईला म्हटलं, किट जुनं असेल, दुसऱ्या खोक्यातलं घ्या. तिने घेतलं. दोन रेघा. मग मी तिला म्हटलं, एकदा तुमच्याच नमुन्यावर करून बघा, एकच रेघ येते का. ती माझ्याकडे बघत राहिली. पण माझा धंदाच हा, एका निकालावर विश्वास ठेवायचा नाही. तिने गुपचूप जाऊन केलं आणि येऊन म्हणाली, ताई, माझी एकच रेघ आली. तेव्हा मी खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवर. एक्स-रेचा माणूस बाहेर आला, त्याने मला पाण्याचा ग्लास दिला आणि पहिल्यांदा हसला.

बुधवार, २० मार्च

काल घरी पोचले तर सासूबाई दारातच. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. किती दिवस लावलेस गं."

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, महिना झाला. चेहरा बघूनच कळलं होतं कुठलं तिकीट काढलंयस ते. मग मला का नाही सांगितलं, म्हणून मी भांडायला उभी राहिले. त्या खुर्चीत बसल्या आणि जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

"मागच्या वेळी मीच घाईने सगळ्यांना सांगितलं होतं. आणि नंतर तुझं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकत होते. म्हटलं, या वेळी तोंड शिवून घ्यायचं. तुझं तुलाच कळू दे."

मग आम्ही दोघी मिळून रडलो आणि लपवलेल्या डब्यातली कॉफी त्यांनी एकटीने करून प्यायली. नवरा कामावरून आला, त्याला सांगितलं. तो न्हाणीघरात गेला आणि ते रबर चारही कोपऱ्यांत पुन्हा ठोकून आला.

आज मॅडमना सांगितलं. त्यांनी कानामागचं पेन काढलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, सगळी रसायनं बदलली, सगळी यंत्रं बदलली, वॉचमनला टोचलं, आणि आपल्याच पट्टीला विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाळ अर्धं दुसऱ्याचं असतं, म्हणून शरीर या दिवसांत असल्या भांडकुदळ पेशींचा आवाज जरा खाली करतं. सगळ्या बायकांचं होतंच असं नाही, पण काहींचं होतं. पेशी कुठे गेलेल्या नाहीत. आत कोणीतरी झोपलंय म्हणून पहारेकऱ्यांना हळू बोलायला सांगितलंय, एवढंच. बाळ झाल्यावर आवाज परत यायला हवा. तोवर खोकला, ताप, वजन यांवर डॉक्टर लक्ष ठेवतील, बाळंतपणानंतर तर जास्तच. एक्स-रेची सध्या गरज नाही म्हणाले ते.

बडबड्याने ऊबपेटीला बातमी सांगितली.

शुक्रवार, २२ मार्च

परवानगी मिळाली. वॉचमनकाका नवा शर्ट घालून आले होते आणि तपासणीच्या लोकांना स्वतःहून दंड दाखवत होते.

रविवार, २४ मार्च

आज बाबांना सगळं खरं सांगितलं. आधी पिवळा गेल्याचं, मग का गेला ते. आधी चांगली बातमी सांगायला हवी होती, मधल्या दोन वाक्यांत त्यांचा श्वास मला ऐकू येईना.

म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

म्हटलं, नाही बाबा. नातवंडामुळे.

ते हसले, मग रडले, मग नाक शिंकरून म्हणाले की बाळ झालं की मी येईन, पण लांबूनच बघेन. मी म्हटलं, बघू. तेव्हा भांडायची ताकद नव्हती.

रविवार, २९ डिसेंबर

मधली पानं कोरीच गेली. फुगलेल्या पोटाने टेबलाशी बसताच येत नव्हतं आणि नंतर ठमीने हात मोकळा ठेवला नाही. ठमी म्हणजे आमची मुलगी. ऑक्टोबरमध्ये आली, नाक बाबांचं, आवाज बडबड्याचा. माझी छाती साफ आहे, डॉक्टरांनी दोनदा बघितली.

बाबा तेव्हापासून तीनदा आले आणि तिन्ही वेळा उंबऱ्यापाशी उभे राहून परत गेले. तोंडावर रुमाल, मान लांब केलेली. कसं नाक आहे, डोळे कसे आहेत, सगळं तिथूनच विचारायचे. सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली की ते तेवढेच मागे सरकायचे.

काल मॅडम आणि बडबड्या ठमीला बघायला आले. खेळणं बडबड्याने आणलं होतं आणि रक्ताच्या नळ्या मॅडमनी. म्हणाल्या, बसल्या बसल्या काढून घेते, वॉचमन आता फार भाव खातोय. आज रविवार असूनही बडबड्या लॅबमध्ये गेला आणि दुपारी त्याने फोनवर फोटो पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता.

बाबा आज चौथ्यांदा आले होते आणि तेव्हा उंबऱ्यातच होते. मी फोन नेऊन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, घड्याळाच्या आत बघावं तसं बघितलं.

मी म्हटलं, "पिवळाधमक, बाबा. पस्तीस वर्षं झाली, अजून पहाऱ्यावर आहेत. तुम्ही बरे झालात तेव्हाच सगळं संपलं होतं. माझ्यात राहिली ती नुसती आठवण आहे, आणि आठवणीची कुणाला लागण होत नाही."

ते आत गेले आणि हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा साबण लावून. रुमाल मानेमागे नीट गाठ मारून बांधला. मग खुर्चीच्या अगदी टोकाला बसले आणि हात पुढे केले. ते हात थरथरत होते. केसाएवढे स्क्रू चिमट्याने बसवणारे हात मी कधी थरथरताना बघितले नव्हते.

मी ठमीला त्यांच्या हातांत ठेवलं. तिने आधी हातपाय झाडले, मग त्यांच्या छातीशी गप्प झाली. तिची मूठ हवेत भिरभिरत होती ती रुमालाच्या कडेत अडकली आणि रुमाल सरकून त्यांच्या हनुवटीखाली आला. बाबांचं तोंड मी इतकं उघडं, इतकं जवळून, सहा वर्षांची होते तेव्हाच बघितलं होतं. ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले. रुमाल वर कर म्हणून डोळ्यांनी खुणावत होते, कारण त्यांचे दोन्ही हात ठमीत गुंतलेले होते.

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. सासूबाईंना अचानक गुडघे आठवले. मी पाय पसरून बसले आणि ही डायरी उघडली.

बाबा अजून तसेच बसले आहेत. रुमाल हनुवटीखाली आहे, आणि ते ठमीला घड्याळ कसं चालतं ते सांगताहेत.